नाक, घसा आणि किडनी

माझी गाडी वाचवली ती वाशीमजवळच्या मालेगावच्या मिस्त्रीकाकांनी. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं माझ्या चुकाच इतक्या येणार आहेत की त्यांचं मोठेपण मागं राहून जायचं.

गाडी शेडसमोर थांबली की काका ड्रायव्हरकडं बघायचेच नाहीत. केबिनच्या पत्र्यावर तळहात ठेवायचे, डोळे मिटून इंजिन ऐकायचे. ड्रायव्हर काय झालं ते सांगत सुटायचा. त्याचं सगळं ऐकून झालं की म्हणायचे, "तू सांगतलं ते ठीक हाये. आता मी फिल्टरले इचारतो."

तुम्ही वाशीमच्या रस्त्यानं कधी गेला असाल, तर ती शेड तुम्हाला दिसलीही असेल. बाभळीला टांगलेला टायर, दारात पाण्याचा माठ, आणि "जयभीम, बस" म्हणून स्टूल पुढं सरकवणारा एक बारीक, पांढऱ्या मिशांचा माणूस.

मी कोल्हापुरातल्या चंदगडकडचा. सातवीतून शाळा सोडली, रस्त्याच्या कामावर डंपर चालवायला इकडं आलो, आणि काम संपल्यावर इथंच राहिलो. कुणाचा तरी वापरलेला सहाचाकी ट्रक घेतला. शेतातून सोयाबीन भरायचं आणि रिसोडच्या बाजारात उतरवायचं. निघताना थोरला भाऊ म्हणाला होता, "परमुलखात गाडी घेतोयस. बंद पडली की रडत येशील बघ."

ती वेळ नेमकी हंगामात आली. चढ लागला की गाडी धापा टाकायची, काळा धूर सोडायची, भरलेली असली तर पहिल्या गिअरवर यायची. एका गॅरेजात सांगितलं, इंजिन खोलावं लागेल. इंजिन खोललं की हंगाम गेला, आणि हंगाम गेला की गाडी विकून चंदगड. दोन दिवस मला घास गिळवला नाही. शेवटी बाजारातला एक हमाल म्हणाला, "खोलू नको बाप्पा. पयले मालेगावच्या काकाले दाखव."

काकांनी पत्र्यावर हात ठेवला. डोळे मिटूनच विचारलं, "फिल्टर कधी बदलले?"

"मागच्या महिन्यात," मी म्हणालो. सरळ खोटं.

"बरं," म्हणाले आणि केबिनच्या मागं चढले. गाडी जिथून हवा ओढते त्या नळीच्या तोंडाला मी बायकोच्या जुन्या साडीचा तुकडा दुहेरी गुंडाळून बांधला होता. मळणीच्या मशीनजवळ गाडी लावली की कुटार, म्हणजे सोयाबीनचा भुसा, उडतं, डोळ्यांत जातं, मग इंजिनातही जात असेल, असं मीच माझ्या डोक्यानं ठरवलेलं. दव आणि धूळ बसून त्या कापडाची पार भाकरी झाली होती.

काकांनी ते सोडवलं आणि वरूनच ओरडले, "अबे, हे काय? गाडीले मुसकं?"

मी खाली मान घातली.

"मळणीत बैलाले मुसकं घालते मानूस, त्यानं खाऊ नये म्हून. तू हिले कायले घातलं? श्वास घेऊ नये म्हून?"

आत फिल्टर होता तो आणखी वाईट. जमिनीवर आपटला तर मूठभर कुटार पडलं. काकांनी तो माझ्यासमोर उन्हात धरला. आरपार उजेडाचा एक ठिपका येईना. ओरडले नाहीत. नुसतं म्हणाले, "हा त काही वेगळंच सांगून राह्यला."

मग मी खरं बोललो. गाडी घेतल्यापासून एकही फिल्टर बदलला नव्हता. एकूण किती असतात तेच माहीत नव्हतं. गाडीबरोबर मिळालेलं पुस्तक इंग्रजी, मी सातवी, आणि कुणाला विचारावं तर लोक म्हणणार, ट्रक घेतलाय आणि एवढंही कळत नाही!

वाटलं, आता हसतील. ते मातीत उकिडवे बसले आणि म्हणाले, "मी चौथी हाये. तू त माह्यापेक्षा तीन वर्गानं साहेब." मग स्वतःच खो खो हसले, आणि मलाही हसू फुटलं. दोन दिवसांत पहिल्यांदाच.

"इंजिन चांगलं हाये तुहं. नाक बंद, घसा बंद, किडनीत गाळ. मंग मानूस चढ चढन का? बाह्या सार वर."

सगळं माझ्याकडूनच करून घेतलं. हवेचा फिल्टर म्हणजे नाक, डिझेलचा घसा, ऑइलचा किडनी. जुनं ऑइल उतरलं ते डांबरासारखं. नव्या फिल्टरच्या रबराला बोटानं ऑइल लावायला सांगितलं. मी आवळायला पाना उचलला तसा त्यांनी मनगट धरलं. "हातानंच. लेकराले टोपी घालतं ना, तसं."

सगळं बसवून सेल्फ मारला. घर्रर्र, आणि गप्प. पुन्हा मारला. गप्प. आलो तेव्हा निदान चालू तरी होती! मी केबिनमधूनच ओरडलो, "काका, आता तर सुरूच होईना."

"काहून घाबरून राह्यला? घसा खोलला त हवा शिरली. हवा काढ." त्यांनी फिल्टरवरचा बोल्ट ढिला केला आणि माझा अंगठा डिझेलच्या हातपंपावर ठेवला. "मार. मी सांगतो तवा थांब."

बोल्टपाशी डिझेलचा फेस यायला लागला. अंगठा भरून आला तरी काका "मार" एवढंच म्हणत होते. हळूहळू बुडबुडे कमी झाले आणि एकाएकी डिझेलची स्वच्छ धार लागली. "बस." बोल्ट आवळला. सेल्फ मारला, आणि गाडी पहिल्या झटक्यात उठली. धूर असा की आहे की नाही बघावं लागे.

"जाय, पोते भर अन् चढावर ने. मी अथीच उभा राह्यतो."

हीच त्यांची परीक्षा. स्वतः गाडीत कधी बसायचे नाहीत. म्हणायचे, "आत बसलं की आवाज खोटा लागते." मी माल भरून परत आलो तोवर दुपार कलली होती, आणि काका खरोखरच रस्त्याकडेला उभे होते. पुढचा सगळा चढ मी तिसऱ्या गिअरवर चढलो. आरशात बघितलं तर काकांचे डोळे मिटलेले, मान किंचित कलती, आणि मग एक हात वर.

चढाच्या माथ्यावर थांबून बायकोला फोन लावला. ती घाबरून म्हणाली, "काय झालं? रडतायसा व्हय?" म्हटलं, "न्हाई गं. गाडीचं नाक चोंदलं हुतं."

त्याच आठवड्यात त्यांनी माझ्या दाराच्या आतल्या बाजूला पांढऱ्या रंगानं लिहून दिलं: नाक, घसा, किडनी. प्रत्येकापुढं पुढच्या बदलीचं किलोमीटर. गाडीचा काटा त्यांच्या आकड्यांवर आला तेव्हा तिन्ही नवे फिल्टर घेऊन मी मालेगावला गेलो, तर शेड बंद. माठ पालथा. शेजारचा चहावाला म्हणाला, "काकाले पोरगी कामरगावले घेऊन गेली. डोयानं दिसनं कमीच झालं होतं त्याईले. नुसतं कानानं काम करे."

मी तिथंच बाभळीखाली गाडी लावली आणि तिन्ही फिल्टर बदलले. टोपीसारखे, हातानं. हवा काढली, धार बघितली, आणि त्यांच्या आकड्यांखाली माझे आकडे लिहिले. निघताना सवयीनं आरशात बघितलं. रस्ता मोकळा होता.

काका, हंगाम उरकला की मी कामरगावला येतोय. तुमचं ऋण एका फेरीत फिटणार नाही, पण एकदा तरी तुम्हाला आरशात नाही, माझ्या शेजारच्या सीटवर बसवून तो चढ चढवणार आहे. आवाज खोटा लागला तर लागू द्या.