गाळलेले पान

आदरणीय मनोहर सरांची आणि माझी ओळख एका माफीने झाली. मी नांदेडच्या महाविद्यालयात नुकतीच शिकवू लागले होते आणि सुट्टीत रेणापूरला घरी आले होते. एवढे नामवंत लेखक आमच्या दारात आले, त्यांनी आईला जयभीम केला आणि बसायच्या आधीच म्हणाले, "गयाबाई, ते पुस्तक तुमचं हाय. म्या चोरलं."

तेच पुस्तक मी वर्गात शिकवत होते. आईला त्याचा पत्ताही नव्हता.

दुष्काळात आई खडी फोडायला जायची आणि सर त्या कामावर हजेरी कारकून होते. चौथी शिकलेली आई वाया गेलेल्या हजेरीपटांच्या कोऱ्या पाठीवर रोजचे काहीबाही लिहायची. नीट करून द्या म्हणून तिने ती पाने सरांकडे सोपवली. काम बंद पडले, सर नांदेडला गेले, पाने त्यांच्याकडेच राहिली. पुढे लातूर वेगळा जिल्हा झाला तेव्हा स्मरणिका निघाली, आणि सरांनी ती पाने स्वतःच्या नावाने दिली. त्याचेच पुस्तक झाले, सत्कार झाले.

मी संतापले, सरांना चालते व्हायला सांगितले. आईने मात्र एवढेच विचारले, "समदं छापलं, का काही गाळलं?"

"एक पान गाळलं," सर खाली मान घालून म्हणाले.

त्या पानावर सर स्वतः होते. मी पंधरा दिवसांची असताना मला पाठीशी बांधून आई कामावर उशिरा पोचली, तर सरांनी तिची गैरहजेरी लावली. दिवसभर तिने खडी फोडली, तरीही.

"मग ते बी घाला," आई म्हणाली.

सरांनी आईच्या नावाने पुस्तक नव्याने छापले, त्यात ते पान घातले आणि वर चित्रपट काढला: दुसऱ्याचे लिखाण आपले म्हणून मिरवणाऱ्या लेखकाचा. गोष्ट काल्पनिक आहे म्हणून मोकळे होता आले असते. सरांनी सुरुवातीलाच पाटी लावली, 'हा लेखक मीच.' पुरस्कार परत केले. जुने मित्र बोलेनासे झाले. आपली अब्रू अशी आपल्या हाताने चव्हाट्यावर मांडायला छाती लागते, आणि मला सरांचा अभिमान वाटतो. चोरी मी विसरलेले नाही. सरांनीच ती विसरू दिली नाही.

चित्रपट पहिल्यांदा रेणापूरच्या शाळेत दाखवला, खिडक्यांना घोंगड्या लावून. शेवटी पडद्यावर आईचे नाव आले, पण तिची नजर अधू झालेली. सर उठले आणि कामावर पुकारायचे तशा खड्या आवाजात त्यांनी पुकारले, "गयाबाई किसन."

आई पदर सावरत उभी राहिली. "हाजर."

मी रडले, हे सांगायला मला संकोच नाही.

तेव्हापासून दर रविवारी सर एसटीने येतात. आई सांगते, सर लिहून घेतात. शब्द जरा सजवला की आई दटावते, "म्या असं कुठं म्हणलं? तुमचं घुसडू नका." सर मुकाट्याने खोडतात.

सर पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. त्यांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो, ही आम्हा सर्वांची इच्छा. आईचा निरोप तेवढा जसाच्या तसा देते: "वही अजून अर्धीच झालीय. सरांना म्हणावं, गैरहजर राहू नका."