पुढे नेलेलं ताट

सून चर्चमधल्या प्रभुभोजनाच्या द्राक्षरसासाठी मनुका उकळत होती. त्या वासासरशी सेलूच्या आमच्या चर्चमधला जुना रविवार आठवला. त्या रसाचा चांदीचा प्याला हरवला होता. मंडळीचा कारभार पाहणारा वडील म्हणून मी नुकताच बाप्तिस्मा घेतलेल्या भाजीवाल्या शामरावावर संशय घेतला आणि प्रभुभोजनाच्या भाकरीचं ताट त्याच्यासमोर न थांबवता पुढे नेलं. त्याचे हात तसेच पसरलेले राहिले.

दुसऱ्या दिवशी प्याला माझ्याच कपाटात सापडला; घासायला मीच आणला होता. शामरावाला एकट्याला गाठून मी माफी मागितली.

"काऊन रडून राह्यले दादा? मी तुमाले कवाच माफ केलं. हे वांगे घेऊन जा."

याला माझ्याकडून काय हवं असेल, या विचारात मी वांगी घरी आणली. प्याला गुपचूप जागेवर ठेवला, मंडळीला काहीच सांगितलं नाही. शामराव त्यांच्या नजरेत चोर म्हणूनच वारला. अशी फुकटची क्षमा मला आजही खरी वाटत नाही; तरी येत्या रविवारी, प्रभुभोजनाआधी, हे लिहिलेलं सगळ्यांसमोर वाचणार आहे.