अकरा मुलांना पुरेल एवढा आवाज

"१४ सप्टेंबर १९८७, सोमवार. सकाळी गारवा. पहिल्या तासाला अपूर्णांकांची बेरीज. पटावर अकरा, हजर दहा. मधल्या सुट्टीत मुख्याध्यापकांनी बोलावलं, आवाजाबद्दल. घरचं पत्र नाही."

बाईंच्या डायरीत त्या दिवसाला एवढीच जागा मिळाली. मुख्याध्यापकांच्या खोलीत झालेलं बोलणं मात्र त्यांना पुढे कित्येक वर्षं शब्दन् शब्द आठवत राहिलं.

मुख्याध्यापक भला माणूस. पण नको ती गोष्ट सांगायची वेळ आली की पेन्सिलीला टोक काढत बसायचे.

"शेजारच्या वर्गात इतिहासाचा तास असतो," ते म्हणाले. "पण तिथली मुलं आठ दिवस अपूर्णांक शिकतायत. तुमच्याकडून. भिंतीतून."

बाईंना वाटलं, कौतुकच चाललंय. त्या हसल्या.

"आणि तुमच्या वर्गातली एक मुलगी रोज घरी जाऊन विचारते, नव्या बाई आमच्यावर का रागावल्यात?"

बाईंचं हसू जागच्या जागी विरलं.

मायदेशी सतरा वर्षं त्यांनी ज्या शाळेत गणित शिकवलं, तिथे एका वर्गात चौसष्ट मुली, डोक्यावर पत्रा आणि खिडकीला लागून लाकडाची वखार. करवत सुरू झाली की बाकीच्या शिक्षिका फळ्याकडे वळून लिहीत बसायच्या. बाई वळल्या नाहीत. त्यांनी करवतीच्या वर आवाज चढवला आणि तो तिथेच राहिला. मुलींनी पाठीमागे नाव ठेवलं होतं, भोंगा. बाईंना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. तिथल्या मोठ्या बाई म्हणायच्या, "तुम्ही मध्येच गप्प बसत जाऊ नका हो. तास संपला असं समजून शिपाई घंटा देतो."

नवऱ्याचा कारखाना बंद पडला, तेव्हा परदेशातल्या शाळेची जाहिरात त्यानेच कापून आणली. बाई कॉन्व्हेंटात शिकलेल्या, इंग्रजी पक्कं, निवड झाली. निघायच्या दिवशी नऊ वर्षांची लेक, जिला सगळं घर खारू म्हणायचं, आजीच्या पदराआड उभी राहिली ती पुढे आलीच नाही.

"जानेवारीअखेर नोकरी कायम झाली की तुला घेऊन जाणार," बाई पदराला उद्देशून म्हणाल्या.

पहिले सहा महिने परीक्षेचे होते. त्यात उतरलं तरच कुटुंबाला आणायचा परवाना. म्हणजे लेक जवळ येणार की नाही, हे आता बाईंच्या घशावर येऊन ठेपलं.

त्या राहायच्या एका म्हाताऱ्या शिंपीणबाईंच्या घरी, वरच्या मजल्यावर. एक पलंग, एक टेबल, कोपऱ्यात शेगडी आणि मोरी. भिंत इतकी पातळ की पलीकडे शिंपीणबाईंनी चष्मा घडी केलेलाही कळावा. बाईंनी टेपरेकॉर्डर विकत आणला होता, घरी बोलणं भरून पाठवायला. त्याच्यावर त्या दुसऱ्या दिवशीचा धडा म्हणून बघू लागल्या. पहिली टेप ऐकली आणि चपापल्याच. रुळावरून मालगाडी येतेय आणि पलीकडच्याला सावध करायचंय, अशा सुरात त्या "छेद समान करून घ्या" म्हणत होत्या. अकरा मुलांना.

मग त्यांनी टाचणाच्या वहीत समासात रोज लाल शाईने लिहायला सुरुवात केली: बाळ निजलंय. खोलीत तान्हं मूल झोपलेलं असावं तसं त्या बोलू लागल्या. आधी वर्गात, मग शिक्षकांच्या खोलीत, मग दुकानात. नोव्हेंबरात मुलं ऐकायला पुढे झुकू लागली. ती घाबरलेली मुलगी टेबलापाशी येऊन शंका विचारू लागली. एकदा जिन्यात इतिहासाच्या बाईंनी गाठलं.

"माझी मुलं विचारतायत, पुढची गणितं कधी?"

"आता तुम्हीच शिकवा," बाई म्हणाल्या, इतक्या हळू की इतिहासाच्या बाईंना दुसऱ्यांदा विचारावं लागलं.

जानेवारीत तपासणी झाली. तपासनीसांनी शेरा लिहिला: शांत, आश्वासक आवाज. बाईंनी तो तीनदा वाचला. कुणा दुसऱ्याच बाईबद्दल लिहिलेला वाचावा तसा. आठवड्याभरात कायम नेमणुकीचं पत्र हातात आलं. त्याच संध्याकाळी त्यांनी ही बातमी टेपवर भरली आणि पाठवून दिली.

उत्तराची टेप यायला फेब्रुवारीचा मध्य उजाडला. आधी नवरा बोलला, नेहमीसारखा घाईघाईने: "पत्राची प्रत पाठव, मी अर्ज भरतो. इकडची काळजी करू नकोस." मग सासूबाई.

"तुझी प्रकृती बरी आहे ना गं? आवाज असा काय खोल गेलाय, विहिरीत उतरून बोलतेस जणू. नोकरी कायम झाली ते छान झालं. आता ही बोलेल. ये गं इकडे. बोल आईशी."

"नाही."

"अगं, आई ऐकणार आहे ना."

"ही आई नाहीये. आई अशी बोलत नाही."

"कशी बोलते मग?"

"खालून हाक मारली की तिसऱ्या मजल्यावर ऐकू येते." स्टूल सरकल्याचा आवाज झाला. "मी नाही जाणार हिच्याकडे. ही कोण आहे माहीत नाही."

मग सासूबाई टेपच्या अगदी जवळ येऊन म्हणाल्या, "मागच्या दोन टेपांना पण असंच करत होती. तुला मुद्दाम कळवलं नव्हतं."

बाईंनी लगेच नवी टेप घातली आणि आवाज चढवला. भिंतीवर दोन ठोके पडले. ते पडले नसते तरी फरक पडला नसता. आवाज वर जातच नव्हता, मध्येच फाटत होता. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. बाईंची सहा महिन्यांत गेली होती.

शनिवारी त्यांनी शाळेच्या राखणदाराकडे वर्गाची किल्ली मागितली.

"काही विसरलात का?"

"नाही. जरा मोठ्याने बोलायचंय."

राखणदाराने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "मग मी फाटकापाशी बसतो," तो म्हणाला.

टेपरेकॉर्डर शेवटच्या बाकावर ठेवून बाई फळ्यापाशी उभ्या राहिल्या. पहिल्या खेपेला घोगरं निघालं. दुसऱ्यांदा खोकला आला. तिसऱ्यांदा त्यांनी डोळे मिटले आणि घराखालचा रस्ता, तिसरा मजला आणि कठड्यावर ओणवलेली लेक डोळ्यांपुढे आणली.

"खारू, आत हो आधी. किती वेळा सांगितलं वाकू नकोस म्हणून."

खिडकीची काच थरथरली. मग बाई थांबल्याच नाहीत. नखं कापलीस का, पाढे कुठवर आले, आजीला उलटून बोलतेस म्हणे, केसांना तेल कोण लावतं, माझी आठवण येते का. सगळं एका पट्टीत, करवतीच्या वर. टेप संपून खटका पडला तेव्हा घसा सोलून निघाला होता.

दारात इतिहासाच्या बाई उभ्या होत्या. वह्या तपासायला आल्या होत्या, हातात लाल पेन तसंच.

"कुणावर रागावलात?"

"रागावले नाही. मुलीशी बोलत होते."

"किती लांब असते ती?"

बाईंनी सांगितलं.

"मग एवढा आवाज लागणारच," असं म्हणून त्या परत वह्यांकडे गेल्या.

मार्चच्या शेवटच्या शनिवारी दुपारी उत्तर आलं. बाईंनी टेप लावली. आधी सासूबाईंची कुजबुज, "हं, चालू झालं," आणि मग कानठळ्या बसवणारी आरोळी:

"आई, ऐकू येतंय का? तूच आहेस ना? परीक्षा झाली की मी मे महिन्यात येते. नखं कापलीत. तेराचा पाढा म्हणून दाखवू?"

तेरा एके तेरा, सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल असं. भिंतीवर दोन ठोके पडले. बाईंनी आवाज कमी केला नाही. थोड्या वेळाने दार वाजलं. शिंपीणबाई बोटात शिवणाचं अंगुस्तान घालूनच आल्या होत्या.

"कोण आलंय तुमच्याकडे?"

"माझी मुलगी."

शिंपीणबाईंनी पलंग पाहिला, टेबल पाहिलं, मोरीचा कोपराही पाहिला. "कुठे आहे?"

"यायची आहे," बाई म्हणाल्या. "अजून सहा आठवडे."

शिंपीणबाई पलंगाच्या कडेला बसल्या आणि एक अक्षर कळत नसताना पाढा शेवटपर्यंत ऐकून गेल्या.

त्या संध्याकाळी बाईंनी डायरीत लिहिलं: "२६ मार्च १९८८, शनिवार. घरून टेप आली. उशांचे अभ्रे धुतले. दोरीवर घातले, सहापर्यंत वाळले नाहीत."