लातूरचा खोकला

ही गेली आणि थोड्याच दिवसांत तिचा खोकला मला लागला. लोक मागे दागिने ठेवून जातात.

तसाच कोरडा, तसाच दुपारी सुरू होणारा. शेजारच्या काकूंनी तो भिंतीपलीकडून ओळखला. "सर, मला वाटलं वहिनीच खोकायल्यात!" (मलाही तसंच वाटलं होतं. पुस्तकातून मान वर करून मी "पाणी आणू का?" असं विचारलंसुद्धा. कोणाला, ते विचारू नका.)

लेक मला नांदेडला घेऊन गेली. तिच्याकडे राहता राहता खोकला आपोआप थांबला. लातूरला परतलो, पुन्हा हजर! पुन्हा नांदेड, पुन्हा गायब.

"बाबा, लातूरची हवाच सोसंना तुम्हाला," लेक म्हणाली. "घर विकून टाकू."

हिची चप्पल अजून दाराशी होती. मी म्हणालो, "बघू."

औशाहून थोरली बहीण, अक्का, पदर खोचूनच आली. "हवा न्हाई, घरात हाय काहीतरी!" पहिला संशय पुस्तकांवर. "ह्या रद्दीत तुझा जीव अन् रद्दीची धूळ तुझ्या छातीत!" पुस्तकं गच्चीवर गेली. मग गाद्या, गोधड्या, उशा. मग तिने हिच्या साड्यांचं कपाट उघडलं. (आणि तसंच बंद केलं.) शेवटी अक्काने मिरच्यांनी माझी दृष्ट काढली. त्या धुराने मी, अक्का आणि भिंतीपलीकडच्या काकू, तिघं एका सुरात खोकलो!

घराला गिऱ्हाईक यायच्या आत लेकीने मला डॉक्टरकडे नेलं.

"बीपीची गोळी कुठली घेता?"

"नांदेडला माझी. इथे हिची."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "हिची म्हणजे?"

"शिल्लक होत्या. कोऱ्या पट्ट्या! बीपी दोघांनाही होतं. फेकायच्या कशा?"

"बाबा!" लेकीने कपाळाला हात लावला. "तुम्ही आईच्या गोळ्या संपवायलात?"

"या गोळीने काही जणांना कोरडा खोकला येतो," डॉक्टर म्हणाले. "त्यांनाही होता का?"

होता. तो खोकला फोडणीच्या ठसक्याचा, असं आम्ही घरात कधीच ठरवून टाकलं होतं. तीसुद्धा तेच म्हणायची.

हिच्या पट्ट्या डॉक्टरांनी काढून घेतल्या. मला माझ्याच गोळ्या, आणि एक लांबलचक बोलणं. खोकला गेला, घर राहिलं. फक्त दुपारी ते फार शांत असतं.

परवा काकू धावत आल्या. "सर, बरं हाय न्हवं? आवाजच न्हाई आला खोकल्याचा!"

त्यांना धीर यावा म्हणून मी थोडं खोकून दाखवलं. लगेच तांब्याभर काढा आला. कडूजहर! खोकला नसताना मी तो सगळा प्यायलो.

फेकायचा कसा?