ओ द्यायची नाही

ऑगस्ट सरत आला, की नेदरलँड्समधल्या लायडस्खेनडाम गावची सरला मान वर करून सायकल चालवायला लागायची आणि मागून येणाऱ्या डच लोकांची बोलणी खायची. एरवी ती अगदी शहाणीसुरती बाई. सकाळी डबे, दुपारी मुलीच्याच शाळेत मधल्या सुट्टीतल्या पोरांवर नजर ठेवण्याचं काम, संध्याकाळी वरणाला फोडणी. शाळेच्या मैदानाच्या या टोकावरून तिने हाक मारली, की त्या टोकाचा पोरगा भिंतीवरून निमूट खाली उतरायचा, असा तिचा आवाज. पण समुद्राचं पाणी कोमट असताना वरची हवा गार पडली, की या किनाऱ्यावर होस उतरण्याचे दिवस येतात. होस म्हणजे ढगातून लोंबत आलेली फिरती सोंड. पाण्यावर असली तर पाणी घुसळते, जमिनीवर आली तर हाती लागेल ते उचलते. इथले लोक तिचे फोटो काढतात आणि विसरून जातात. सरलाला मात्र त्या दिवसांत जेवण गोड लागत नसे.

त्याला कारण तिचं माहेर. ती आटपाडीकडची. तिकडे भर उन्हाळ्यात मोकळ्या रानातून वावटळी फिरतात, कधी माणसाएवढ्या, कधी लिंबाच्या झाडाएवढ्या. तिच्या आईने, सुचित्राबाईंनी, पोरांना पाढ्यांच्या आधी एक गोष्ट शिकवली होती. वावटळ दिसली की तिच्याकडे पाठ करून खाली बसायचं, डोळे मिटायचे, आणि कुणी नावाने हाक मारली तर ओ द्यायची नाही. ती ओळखीच्या आवाजात हाक मारते. शेजारच्या दामोदरने एकदा ओ दिली होती. दोन दिवस तो सापडला नाही, मग तीन गावं ओलांडून एका ओढ्यात बसलेला मिळाला. अंगावर ओरखडा नव्हता. पण त्यानंतर तो कधी छपराखाली झोपला नाही, पावसातसुद्धा नाही. सरलाने त्याला अंगणात भिजत पडलेलं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

आता एवढी भीती असलेल्या बाईने त्या दिवसांत घरात दार लावून बसावं की नाही? ही बाई फोनवर पावसाचं रडार बघायची, आणि होसची शक्यता दिसली रे दिसली की थर्मासमध्ये चहा भरून ट्रामने श्केवेनिंगनचा किनारा गाठायची. तिचा नवरा राजन पुण्याचा. अॅमस्टरडॅम झुइडओस्टमध्ये कॉम्प्युटरसमोर बसणारा, भुताखेतांवर हसणारा.

"काय, तुझ्या माहेरचे पाहुणे आले का?" तो विचारायचा. "एवढी घाबरतेस तर बघायला कशाला जातेस?"

"अहो, न बघता मागून आली तर?" ती म्हणायची.

हे उत्तर खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. इतक्या वावटळी पाहिल्या, पण सरलाला एकदाही कुणी हाक मारली नव्हती. आपल्याला ती कुणाच्या आवाजात बोलावेल, हे तिला एकदा ऐकायचं होतं. ओ द्यायची नव्हती, फक्त ऐकायचं होतं. ही इच्छा तिने कधी कुणाला सांगितली नाही. तिची तिलाच लाज वाटायची.

मुलगी स्वानंदी आठ वर्षांची, इथेच जन्मलेली. मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र इंग्रजीत किंवा डचमध्ये. शुभंकरोती दोन ओळींतच विसरली, वरणभाताला नाक मुरडलं. आजोळची वावटळीची ही एक गोष्ट मात्र तिने अशी धरून ठेवली की सरलाला भरून आलं. वकिलासारखे प्रश्न विचारायची. आजीच्या आवाजात आली तर? बाबाच्या?

"अँड इफ इट इज युअर व्हॉइस?"

"माझ्या आवाजात आली तरी नाही," सरला म्हणाली. "तेव्हा तर मुळीच नाही."

"पोरीच्या डोक्यात हे काय भरतेस?" राजन वैतागला. सरला हसली. आपल्या मातीतलं काहीतरी पोरीत रुजलं, याचा तिला खरोखर आनंद झाला होता.

२०१५ सालच्या ऑगस्टच्या शेवटच्या बुधवारी शाळा नेहमीप्रमाणे लवकर सुटली. आभाळ जांभळं, खालून सपाट, कुणी फळी फिरवल्यासारखं. वारा अजिबात नाही. सरलाने स्वानंदीला घेतलं आणि दोघी सायकलवरून घराऐवजी स्टॉम्पवाइककडच्या कुरणांत गेल्या. तिथून तळ्याचं पाणी दिसतं. कुरणाच्या फाटकाशी तिने पोरीला थांबवलं.

"इथेच थांब. मी त्या पंपघरापर्यंत जाऊन येते."

पंपघर म्हणजे कालव्याचं पाणी उपसणारी विटांची जुनी, भक्कम इमारत. तिथपर्यंत हाक सहज पोचत होती, म्हणून सरला निर्धास्त होती. बांधावरून चालताना तिच्या लक्षात आलं, की गाई सगळ्या एका बाजूला तोंड करून उभ्या आहेत आणि एकही पक्षी बोलत नाही. मग तळ्यावर ढगाचा एक धागा खाली उतरला. आधी बारीक, मग मनगटाएवढा, मग त्याच्या पायाशी पाणी गोल गोल पांढरं व्हायला लागलं. आवाज काही नव्हता. सरला बघत राहिली. इतकं सुंदर आणि इतकं वाईट तिने एकत्र कधी पाहिलं नव्हतं. कान टवकारून ती वाट बघत होती. मागे फाटकाशी आपली पोर उभी आहे, हे ती तेवढ्या वेळापुरतं साफ विसरली होती.

होसने तळं सोडलं तेव्हा ती भानावर आली. काठावरच्या झाडांचा पाला एकदम वर गेला आणि खाली आलाच नाही. सोंड कुरणात शिरली आणि फाटकाच्या रोखाने वळली. आता आवाजही सुरू झाला, जात्याची घरघर असते तसा, जमिनीतून येणारा.

"स्वानंदी!" सरला ओरडली. "इकडे ये, पंपघरात, पळ!"

स्वानंदीने मान वर केली. तिने होसकडे पाहिलं. मग शांतपणे सायकल आडवी ठेवली, पाठ फिरवली, गवतात मांडी घातली आणि डोळे मिटले.

सरलाने पुन्हा हाक मारली, मग पुन्हा, सगळं मैदान हलवणाऱ्या त्या आवाजात, आणि प्रत्येक हाकेसरशी पोर खांदे आणखी आवळून घेत होती. आपण जितकं ओरडू तितकी ती घट्ट बसणार, हे सरलाला कळत होतं, आणि तरी तोंड थांबत नव्हतं. ती धावत सुटली. अर्ध्या वाटेवर वाऱ्याने तिला ढकलून पाडलं. तोंडात माती गेली, कान बंद झाले, अंगावरून काहीतरी जड आणि ओलं फडफडत निघून गेलं.

ती उठली तेव्हा होस रस्त्यापलीकडे जाऊन विरत होती. फाटक नव्हतं. सायकल नव्हती. स्वानंदी तिथेच बसली होती, केस सगळे तोंडावर, डोळे मिटलेले.

"स्वानंदी, अगं, संपलं," सरला जवळ जाऊन म्हणाली. पोर हलली नाही. सरलाने खांद्याला हात लावताच ती आक्रसली. मग तिने चाचपडत आईचा हात धरला, बांगड्या मोजल्यासारख्या केल्या, चेहऱ्यावरून बोटं फिरवली, आणि तेव्हा कुठे डोळे उघडले.

"इट कॉल्ड मी, आई," ती म्हणाली. "इन युअर व्हॉइस. आय डिडन्ट से ओ."

"मीच होते ती, बाळा. मीच हाका मारत होते." सरला रडत होती. "चुकलं माझं. मी खोटं शिकवलं तुला."

स्वानंदीने विचार केला. मग पंपघराकडे बोट दाखवलं. "दॅट वॉज यू, मेबी." नंतर तळ्याकडे, जिथे सरला गेलीच नव्हती. "बट देअर ऑल्सो. सेम व्हॉइस. इट सेड, ये." हे शेवटचं तिने मराठीत सांगितलं.

राजनने रात्री सगळं ऐकून घेतलं. आवाज पंपघराच्या भिंतीवर आपटून कुठूनही आल्यासारखा वाटतो, असं त्याने पोरीला कागदावर चित्र काढून समजावलं. तिने ते समजूनही घेतलं. माहेरच्या पाहुण्यांची चेष्टा मात्र त्याने पुन्हा केली नाही.

आता सरला आभाळ बघायला जात नाही. ऑगस्टमध्ये ती पडदे ओढून घेते. हाक ऐकण्याची हौस तिची फिटली. तळ्याकडून आलेला तिचाच आवाज पोरीला ऐकू आला, आणि तो कुणी काढला हे सरलाला या जन्मी कळणार नाही.

स्वयंपाकघरातून ती अजून सवयीने हाक मारते, "स्वानंदी, जेवायला ये." वरून ओ येत नाही. थोड्या वेळाने जिन्यावर पावलं वाजतात, आणि पोर दाराशी येऊन उभी राहते. आत येत नाही. आधी आईच्या चेहऱ्याकडे नीट बघते. सरला हातातलं लाटणं खाली ठेवते आणि तिचं बघून होईपर्यंत न हलता उभी राहते.