दोन फटक्यांचा दंड

माझ्या विहीणबाई पुण्याच्या. त्या कधी कुणाला टाकून बोलत नाहीत, आणि त्यांच्याशी भांडण्यातली मोठी अडचण हीच आहे. मुलीच्या लग्नाला चार वर्षं होऊन गेली तरी त्या एकदाही आमच्याकडे राहायला आल्या नव्हत्या. बोलावलं की म्हणत, "येईन हो नक्की, पण तुमच्या मेहकरकडचं ऊन मला सोसायचं नाही." हे त्या डिसेंबरातसुद्धा म्हणत. आमचं गाव मेहकरहून बीबी गावाकडे जाताना लागतं. घर साधं, शेतातलं, दारात बैलजोडी. त्यांना हे सगळं कमीपणाचं वाटतं, अशी मी मनाशी गाठ मारून ठेवली होती. शाळेत तीस-बत्तीस वर्षं शिकवल्यामुळे माझी एकदा बसलेली गाठ सहजासहजी सुटत नाही.

नातू झाला तेव्हा मी पुण्याला जाऊन राहिले. विहीणबाई रोज सकाळी गोल्फ खेळायला जात. यजमान गेल्यानंतरही त्यांनी ते सोडलं नव्हतं. एक दिवस मलाही घेऊन गेल्या. शहराबाहेर नऊ होलचं लहानसं मैदान होतं. चेंडू एकेका खड्ड्यात घालत नऊ खड्डे संपवायचे, आणि सगळे मिळून जितके कमी फटके लागतील तितकं चांगलं. मला वाटलं, यात काय आहे? पदर खोचला, काठी घेतली आणि जोरात फिरवली. चेंडू जागेवरच. पुन्हा फिरवली. जागेवरच. तिसऱ्यांदा मातीचं ढेकूळ उडालं आणि मागच्या बाकावरचे दोन आजोबा तोंड फिरवून हसले. विहीणबाई गोड आवाजात म्हणाल्या, "असू द्या. हे काही कापूस वेचण्याइतकं सोपं नसतं."

मी आयुष्यात कापूस फारसा वेचलेला नाही, आमच्याकडे सोयाबीन आणि तूर. पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तिथल्या तिथं म्हटलं, "विहीणबाई, हे नऊ होल मी साठ फटक्यांच्या आत आणले, तर तुम्ही चार दिवस आमच्याकडे राहायला यायचं."

"आणि नाही आणलेत तर?"

"तर मी हा विषय जन्मात पुन्हा काढणार नाही."

"घाई नाही," त्या हसून म्हणाल्या, "सावकाश शिका." आणि निघताना स्वतःचे दोन जुने क्लब, म्हणजे त्या खेळायच्या काठ्या, आणि पिशवीभर चेंडू माझ्या सामानात घातले. हे त्यांचं वागणं असं. धड रागही धरू देत नाहीत.

घरी पोचले तर आमचे मालक दारातच उभे. पिशवीतून बाहेर आलेली लोखंडी काठी पाहून म्हणाले, "हे काय आणलं वं? साप माराले?"

"गोल्फ खेळाले."

"कोन?"

"मी."

त्यावर ते काही बोलले नाहीत. पण संध्याकाळपर्यंत अर्ध्या गावाला ठाऊक झालं होतं, म्हणजे ते माझ्याशी बोलले नसले तरी गप्प बसले नव्हते.

सोयाबीन निघालेलं होतं. हरभऱ्यासाठी रान तयार करायचं होतं, त्यातला विहिरीकडचा तुकडा मी मागून घेतला. मोबाइलवर बघून उभं कसं राहायचं, काठी कशी धरायची, कंबर कशी वळवायची, सगळं पाठ केलं. स्विंग म्हणजे काय ते मी कुणालाही समजावून सांगू शकले असते. फक्त चेंडू उडत नव्हता. उडाला तर आडवा जाऊन शेजारच्या तुरीत पडत होता. ती तूर ज्यांची, त्यांना अख्खं गाव चाचा म्हणतं. ते आठवड्याला बीबीच्या बाजारात कापडाचं दुकान लावतात आणि बाकी दिवस शेती बघतात. रुमालात चेंडू बांधून आणून देत आणि अगदी गंभीरपणे म्हणत, "भाभी, तुमचा माल आमच्या तुरीत पिकून राह्यला." पुढं त्यांनीच निशाणासाठी लाल कापडाचा तुकडा दिला, बहुतेक स्वतःच्या तुरीच्या बचावासाठी.

माझा दोष मालकांनी ओळखला. ते बांधावर बसून पाहत असत. "तू डोकं वर काऊन करतं? चेंडू काई पळून नाई जाऊन राह्यला."

खरं होतं. फटका बसायच्या आधीच, चेंडू कुठं गेला ते बघायला माझी मान वर व्हायची. कळत होतं, वळत नव्हतं. मग त्यांनी एक खेळ काढला. मला पाठ करून उभं करायचे, चेंडूखालच्या मातीत अंगठ्यानं एक दाणा दाबायचे आणि वर चेंडू ठेवायचे. मी फटका मारायचा आणि वर न बघता सांगायचं, खाली तूर होती की हरभरा. पहिले काही दिवस मला दाणा दिसलाच नाही, अंदाजानं ठोकून द्यायचे. एकदा मी ठामपणे म्हटलं, "तूर."

"काईच ठेवलं नव्हतं," ते म्हणाले आणि बांधावर आडवे होऊन हसले. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी हरभरा दिसला, स्वच्छ, चोचीसकट. चेंडू कुठं गेला ते मला कळलंच नाही. मालक उठून उभे राहिले होते. "विहिरीपल्याड," एवढंच म्हणाले. मला इतका आनंद झाला की मी काठी टाकून त्यांच्याकडे पळतच गेले, आणि मग बांधापलीकडे चाचा उभे आहेत हे दिसल्यावर मधेच थांबले.

वर्षभरात दोन-तीनदा पुण्याला जाणं झालं. प्रत्येक वेळी विहीणबाईंबरोबर खेळले. पहिल्यांदा ऐंशीच्या वर गेले, मग सत्तरच्या आसपास आले आणि तिथंच अडकले. लांबचा फटका सुधारला होता, पण खड्ड्याजवळची ती हिरवळ, जिला तिथं ग्रीन म्हणतात, तिथं माझे हाल व्हायचे. चेंडू हलकेच ढकलायचा असतो, त्याला पट म्हणतात. माझा पट एकदा पुढं जाई, एकदा मागंच राही. नांगरलेल्या रानात याचा सराव करणार कसा? चेंडू गुळगुळीत घरंगळायला हवा तर जमीनच तशी हवी.

मी म्हटलं, "खळं करून द्या."

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मळणीचं मशीन आल्यापासून आमच्याकडे कुणी खळं करत नाही. आता पोतं थेट मशीनखाली लावतात. "कायले?" ते म्हणाले. पण त्यांच्या डोळ्यांत काहीतरी हललं होतं. दुसऱ्या दिवशी जागा खुरपली, पाणी मारलं, बैल फिरवले, धुम्मस घेऊन चोपलं, पुन्हा पाणी, पुन्हा चोपणं, आणि शेवटी शेणानं असं सारवलं की त्यावर जेवायला वाढावं. लहानपणी वडिलांच्या हाताखाली केलेलं काम त्यांना इतक्या वर्षांनी करायला मिळालं, याची मला गंमतही वाटली आणि बरंही वाटलं. खड्डा म्हणून मी मधोमध एक जुना पितळी तांब्या पुरला. चेंडू पडला की टण्ण आवाज येई.

एकच अट त्यांनी घातली. "खळ्यात चपला चालत नाईत."

"अवो, धान कुठं हाय त्यात?"

"नसंना. खळं ते खळं."

म्हणून मी अनवाणी शिकले. आणि त्यातच माझं भलं झालं. जमीन कुठं उताराला आहे ते डोळ्यांआधी पायांना कळायला लागलं. दुसऱ्या हिवाळ्याच्या मध्यापर्यंत तांब्या दिवसभर वाजत होता.

संक्रांतीनंतर मी पुण्याला गेले आणि फोनवर आधीच सांगून टाकलं, "विहीणबाई, या वेळी मोजायचं."

पहिल्या ग्रीनच्या कडेला मी बूट काढून ठेवले आणि अनवाणी आत गेले. विहीणबाई म्हणाल्या, "हे काय?"

"सवय."

तांब्याच्या मानानं त्यांचा खड्डा मला परातीएवढा वाटला. चेंडू सरळ आत. प्रत्येक ग्रीनला बूट काढ-घाल चालू होतं. मागून येणारे कुरकुरत होते, पण मला त्यांची फिकीर नव्हती. सात होल संपले तेव्हा माझे शेहेचाळीस झाले होते. उरलेले दोन होल तेरात संपवले की एकोणसाठ. विहीणबाई बोटांवर पुन्हा मोजत होत्या. मी मनात त्यांच्यासाठी वरच्या खोलीतली गादी उन्हात घालत होते.

आठव्याला चेंडू कडेच्या वाढलेल्या गवतात गेला. विशेष काही नाही, मारता येण्यासारखा होता. मी जवळ गेले. चेंडूच्या अगदी मागं गाजरगवताचं एक कोवळं रोप उगवलं होतं. गाजरगवत दिसलं की आमच्याकडे लग्नाच्या वऱ्हाडात चाललेली बाईसुद्धा वाकते. ते फुलावर आलं तर अख्खं रान खातं. मी वाकले, रोप मुळासकट उपटलं, मुळाची माती झटकली, लांब फेकलं आणि काठी हातात घेतली.

"विहीणबाई," मागून आवाज आला. "चेंडूमागचं गवत उपटता येत नाही. दोन फटके दंड."

मी आधी माझ्या हाताकडे पाहिलं. बोटांना माती होती. मग त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा नेहमीसारखाच, गोड. तेव्हा मला त्यांचा इतका राग आला की सांगता सोय नाही. पण नियम त्यांनी बनवलेला नव्हता आणि हात माझाच होता.

त्या होलला दंडासकट आठ झाले. नवव्याला पाचात संपवायचं होतं. चार फटक्यांत मी ग्रीनवर पोचले. बूट काढले. पट लांबचा होता, पण पायांना उतार कळला होता. हलकेच ढकलला. चेंडू वळला, खड्ड्याकडे निघाला आणि काठावर येऊन थांबला. मी वाट पाहिली. विहीणबाईही पुढं सरकून पाहत होत्या. चेंडू काही हलला नाही. आणखी एकदा ढकलून तो आत घातला.

"साठ," त्या हळूच म्हणाल्या.

"साठ म्हणजे साठाच्या आत नव्हे," मी म्हटलं. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते बूट घालायच्या निमित्तानं वाकून पुसलं. एका रोपापायी विहीणबाई माझ्या घरी कधी येणार नव्हत्या, आणि आता मला बोलवायचीही सोय राहिली नव्हती.

गावी आल्यावर मालकांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "गाजरगवत होतं ना? मंग बराबर केलं."

आठ-पंधरा दिवस मी खळ्याकडे फिरकले नाही. एक दिवस फोन आला. विहीणबाई. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाल्या, "हरभऱ्याला घाटे आलेत का हो तुमच्याकडे?"

"आलेत की."

"मग मी शनिवारी निघते."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. त्या पुढं म्हणाल्या, "विषय तुम्ही काढायचा नाही असं ठरलं होतं. मी काढायचा नाही असं कुठं ठरलं होतं?"

त्या आल्या. मेहकरच्या स्टँडवर मी आणि मालक उभे होतो. मी चार दिवस त्यांना कशालाही हात लावू देणार नव्हते, पण दुसऱ्याच दिवशी त्या निंदायला निघालेल्या बायांच्या मागं हरभऱ्यात गेल्या आणि ओळींच्या तीन पाती निंदून, कंबर धरून परत आल्या. बायांनी त्यांना पहिल्या पातीत दोनदा हसून घेतलं होतं, कारण तणाबरोबर त्यांनी हरभराही उपटला होता. रात्री ताटावर बसल्या असताना त्या म्हणाल्या, "तुम्हाला वाटत असेल मी मोठेपणानं येत नव्हते. मला भीती वाटायची. इथलं मला काही येत नाही. सगळे बघतील, हसतील. तुम्ही त्या दिवशी तीनदा नुसती काठी फिरवलीत, ते म्हातारे हसले, आणि तरी तुम्ही परत आलात. मी त्याच दिवशी यायला हवं होतं."

इतकी वर्षं मारून ठेवलेली गाठ अशी ताटावर सुटली. मी त्यांना आणखी एक भाकर वाढली.

चौथ्या दिवशी, निघायच्या आधी, आम्ही खळ्यावर गेलो. मालक बांधावर होते. मी काही सांगायच्या आत विहीणबाईंनी कडेला बूट काढले, मोजे काढून बुटात घातले आणि अनवाणी खळ्यावर आल्या. पहिला पट तांब्याला चाटून पार खळ्याच्या काठावर गेला. त्या चेंडूमागं गेल्या. तिथं सारवणाच्या भेगेतून गाजरगवताचं एक रोप वर आलं होतं, नेमकं चेंडूच्या मागं. त्या वाकल्या, रोप मुळासकट उपटलं, मुळाची माती झटकली, लांब फेकलं आणि काठी सरळ केली.

"विहीणबाई," मी म्हटलं, "दोन फटके दंड."

त्यांनी स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. मग ती माती पुसायला कुठं रुमाल न शोधता, सरळ माझ्या पदराला पुसली.