तात्यांचे पाय

तात्या वाजवायला बसले की आधी चपला काढायचे. एक इकडे, एक तिकडे. मग बाकावर सरकून बसायचे, पँट घोट्यापासून दोन घड्या वर दुमडायचे आणि अनवाणी पाय ऑर्गनच्या खालच्या लाकडी पट्ट्यांवर ठेवायचे. समोरच्यांना वाटायचं, आता हे आजोबा एखादा अभंग सुरू करणार. आणि मग त्या पट्ट्यांवरून त्यांचे पाय असे काही फिरायला लागायचे की टेबलावरचे ग्लास थरथरायचे. वर दोन्ही हात सुरांत गुंतलेले आणि खाली पाय बास, म्हणजे खर्जातले सूर, वाजवताहेत! आमच्या बँडला वेगळा बासवाला नव्हता. तशी गरजच कधी पडली नाही.

बँड म्हणजे आम्ही तिघंच. ऑर्गनवर तात्या, गिटारवर नचिकेत आणि ड्रम्सवर मी. वाजवायचो जॅझ. पुण्यात हे सांगितलं की लोक एकतर "अरे वा" म्हणून विषय बदलतात, नाहीतर लग्नात वाजवता का विचारतात. तात्यांना एकदा कुणीतरी असं विचारलं, तर ते म्हणाले, "वाजवू की. पण वरात पुढं सरकली नाही तर आम्हाला बोलायचं नाही."

माझी नि त्यांची ओळख झाली तीसुद्धा पायावरूनच. सहकारनगरात एका इमारतीच्या तळमजल्यावर मी ड्रम्स शिकवते. शेजाऱ्यांनी तक्रार करायला येणं हा तिथला नेहमीचा कार्यक्रम. त्यामुळे एका दुपारी दारात पांढऱ्या मिशांचे, हातात कोथिंबिरीची पिशवी घेतलेले गृहस्थ दिसले, तेव्हा मी त्यांनी तोंड उघडायच्या आधीच "सॉरी काका, खिडकी लावते" म्हणून टाकलं.

"खिडकी राहू द्या," ते म्हणाले. "आवाजाबद्दल काही म्हणणं नाही. हात छान आहेत तुमचे. उजवा पाय उशिरा येतोय."

आणि पिशवी सावरत निघून गेले. मला असा संताप आला म्हणून सांगू! कोण कुठला माणूस, ना ओळख ना पाळख. रागारागानं मी स्वतःचं वाजवणं फोनवर रेकॉर्ड करून ऐकलं. मोठा ड्रम वाजवणारा उजवा पाय खरंच उशिरा येत होता. हे तर त्याहून संतापजनक होतं. पुढच्या वेळी रस्त्यात दिसले तेव्हा मी त्यांना गाठलंच. म्हटलं, "काका, तुम्ही आहात तरी कोण?"

"मी ऑर्गन वाजवतो. पलीकडच्या गल्लीत राहतो. या ऐकायला. चहा मिळेल, पण तुम्हालाच करावा लागेल."

त्या चहाच्या कपापासून आमचा बँड सुरू झाला. नचिकेतला मी आणलं, आणि "अहो"वरून तात्या "अगं"वर कधी आले ते मला कळलंही नाही.

तात्यांचे वडील संगीत नाटकाच्या कंपनीत पायपेटी वाजवायचे. ही पेटी बाकावर बसून वाजवायची. पायांनी भाता हलवत राहिलं तर सूर निघतो, पाय थांबले की सूर गेला. तात्या त्या बाकावर वडिलांशेजारी बसूनच मोठे झाले, पुढे स्वतः वाजवायला लागले. नाटकं कमी झाली तशी पोटासाठी पेट्यांची दुरुस्ती सुरू केली. कॅम्पातल्या एका हॉटेलातला विजेचा ऑर्गन दुरुस्त करायला गेले आणि तिथंच रमले. हॉटेलात जॅझच्या जुन्या तबकड्या होत्या, त्या ऐकून ऐकून बोटांत उतरवल्या. हॉटेल बंद पडलं तेव्हा मालकांनी "तुम्हीच न्या हे धूड" म्हणून ऑर्गन त्यांच्या गळ्यात घातला. जॅझबद्दल त्यांचं मत अगदी सरळ होतं. "आपलं नाट्यपदच आहे हे. चाल बांधलेली, मधे मोकळं सोडायचं आणि शेवटी सगळ्यांनी मिळून घरी यायचं. तिकडं वन्स मोअर मिळायचा, इथं शिट्ट्या मिळतात, एवढाच फरक."

त्यामुळे आमचा कार्यक्रम त्यांच्या लेखी "प्रयोग" होता, पब म्हणजे "थिएटर", आणि पाच-सहा गावं फिरून येणं म्हणजे "दौरा". कोल्हापूर, बेळगाव, गोवा, बंगळुरू असे दौरे आम्ही टेंपोतून केले. ऑर्गनचं वजन काही विचारू नका. इथं मार्केट यार्डातले ओळखीचे हमाल येऊन तो टेंपोत चढवून द्यायचे, पण तिकडे उतरवणार कोण? तात्या रस्त्यावर उभे राहायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणायचे, "जरा हात लावता का?" झालं! त्या विचारण्यात काय जादू होती कोण जाणे, माणूस हातातलं खाली ठेवायचा. बंगळुरूत थिएटर होतं दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. बिअर प्यायला आलेली आयटी कंपनीतली पोरं घाम गाळत ऑर्गन वर घेऊन गेली, आणि तात्या मागून एकेक पायरी चढत मराठीतून "डावीकडून, डावीकडून, शाब्बास" करत होते. मराठी त्यातल्या एकालाही येत नव्हतं. सगळे बरोबर डावीकडूनच गेले. प्रयोगाला तीच पोरं पहिल्या रांगेत बसून "हमारा ऑर्गन" म्हणून सगळ्यांना सांगत होती.

नचिकेत आयटीतला. टेंपोतसुद्धा मांडीवर लॅपटॉप आणि कानात मीटिंग. तात्या त्याला "संगणक" म्हणायचे. एकदा कात्रजच्या घाटात त्याची मीटिंग फारच लांबली, तेव्हा तात्या मागून ओरडले, "अरे, मुद्द्यावर या म्हणावं त्यांना!" नचिकेतचा चेहरा पडला, कारण माइक चालू होता. पलीकडून कुणीतरी शुद्ध मराठीत म्हणालं, "अगदी खरं आहे." मीटिंग तिथंच आटोपली.

वेळेच्या बाबतीत मात्र ते कुणाचं ऐकायचे नाहीत. आठचा प्रयोग म्हणजे आठ. गोव्यात पबच्या मालकानं हिंदीतून परोपरीनं विनवलं की लोक नऊला येतात, नऊला सुरू करा. तात्या म्हणाले, "मग त्यांना नऊच्या पुढचं ऐकू येईल." पिशवीतून पितळी घंटा काढली, नाटकातल्यासारखी तिसरी घंटा दिली आणि रिकाम्या खुर्च्यांसमोर वाजवायला सुरुवात केली. कोपऱ्यात एक वेटर तेवढा टेबलं पुसत होता. तात्या त्याच्यासाठी असं वाजवत होते की तो फडकं खांद्यावर टाकून खाली बसला. प्रयोग संपल्यावर त्यानं तात्यांना बिअरच्या उंच ग्लासात ताक आणून दिलं. तात्यांनी ते एका दमात संपवलं आणि त्याला म्हणाले, "आज खरा प्रेक्षक तू."

असं मजेत चाललं होतं, आणि एक दिवस नचिकेतला फोन आला. दिल्लीपासून सुरू होणारा मोठा दौरा, मोठे महोत्सव, विमानानं नेणार-आणणार. अट एकच, ऑर्गन आणायचा नाही. कीबोर्ड ते लोक तिथं देणार. हलका, बगलेत मारून नेण्यासारखा, आणि अर्थातच पायाखाली काही नसलेला. आयोजक पुढं म्हणाला, तुमच्या त्या सीनियर सरांना जमणार नसेल तर आमच्याकडे दिल्लीचा एक तरुण वादक तयार आहे.

नचिकेतनं हे मला कॅफेत सांगितलं. मी त्याच्यावर अशी ओरडले की शेजारच्या टेबलावरचे लोक आपली कॉफी घेऊन दुसरीकडे जाऊन बसले. त्याचंही चूक नव्हतं हो. नोकरी सोडून पूर्ण वेळ वाजवायचं त्याचं स्वप्न होतं, आणि असं दार पुन्हा उघडेल याची खात्री कोण देणार? पण तात्यांना मागे ठेवून जायचं, हे माझ्या जिवाला पटत नव्हतं. शेवटी दोघं मिळून त्यांच्याकडे गेलो. नचिकेत खाली मान घालून म्हणाला, "तात्या, ऑर्गन विमानात बसत नाही."

"मी बसतो की," तात्या म्हणाले.

त्या दिवसापासून सत्तरीच्या माणसानं डाव्या हातानं बास वाजवायची मेहनत सुरू केली. माझ्या क्लासमधला कीबोर्ड नेला. त्यांच्या गल्लीतून जाताना मला ऐकू यायचं, तोच तोच चार स्वरांचा तुकडा, पुन्हा पुन्हा अडखळणारा. एकदा मी आत गेले तर खांदा चोळत बसले होते. म्हणाले, "भीती वाटते गं. जन्मभर हा हात दुसरंच काम करत आलाय. त्याला आता म्हणतोय, पायाचं काम तू कर. तो बिचारा प्रयत्न करतो, पण उशिरा येतो." मी चहा टाकायला उठले.

दिल्लीत दुपारी तालीम झाली आणि व्हायचं तेच झालं. डावा हात मागे पडत होता, बास डळमळत होता आणि त्याबरोबर आम्ही सगळेच. साउंडवाला नचिकेतच्या कानाला लागला. नचिकेतच्या लॅपटॉपमध्ये बास आधीच भरून ठेवलेला होता, बटण दाबलं की झालं. तात्यांना ते कळलं. ते उठून आमच्याजवळ आले, म्हणाले, "आजचा एक प्रयोग मला द्या. नाही जमलं, तर उद्यापासून तुमचा संगणक. मी खुशीनं परत जाईन, रुसणार नाही." नचिकेतचे डोळे भरून आले. त्यानं लॅपटॉप मिटला.

संध्याकाळी मैदान गच्च भरलेलं. तात्यांनी चपला काढल्या. एक इकडे, एक तिकडे. थंडीनं तो मंच बर्फासारखा झाला होता, तरी काढल्याच. तिसरी घंटा दिली आणि आम्ही सुरुवात केली. पहिल्याच चिजेत डावा हात घसरला. मी त्या हाताकडे बघत त्याला सांभाळून घ्यायचा प्रयत्न करत होते, तर आणखीच गोंधळ. आणि काय झालं, माझी काठी निसटली. दुसरी घ्यायला खाली वाकले आणि माझं लक्ष कीबोर्डच्या खाली गेलं.

तात्यांचे पाय वाजवत होते. खाली पट्ट्या नव्हत्या, नुसती फळ्यांची जमीन, आणि त्या जमिनीवर ते दोन म्हातारे अनवाणी पाय टाच, बोटं, टाच असे चालले होते, एकही मात्रा न चुकता. आवाज शून्य. पण मला अख्खा बास दिसत होता.

मी हाताचा नाद सोडला आणि उजवा पाय त्यांच्या पायांच्या लयीवर ठेवून वाजवायला लागले. माझा मोठा ड्रम त्यांच्या टाचेबरोबर पडायला लागला. दोन आवर्तनं गेली असतील नसतील, त्यांचा डावा हात माझा ड्रम ऐकून जागेवर आला. नचिकेतनं चमकून आमच्याकडे पाहिलं आणि हसत सुटला. मग काय वाजवलंय त्या दिवशी आम्ही! लोक उभे राहिले. वन्स मोअर मिळाला, आणि शिट्ट्याही.

आत आल्यावर नचिकेतनं तात्यांना मिठीच मारली. म्हणाला, "तात्या, काय बास!" तात्या म्हणाले, "मी कसला, हिनं धरलं मला." मी म्हटलं, "मी तुमच्या पायांकडे बघून वाजवत होते." तात्या माझ्याकडे बघतच राहिले.

"पाय? पाय कुठं हलवले मी? छे! काहीतरीच."

त्यांना खरंच पत्ता नव्हता.

तो दौरा पूर्ण झाला, बाकीची शहरंही झाली, नचिकेतनं नोकरी सोडली. मग तात्यांच्या गुडघ्यांनी ऐकेनासं केलं. डॉक्टरांनी प्रवास बंद सांगितला आणि सांगलीला राहणारी त्यांची मुलगी हट्टानं त्यांना आपल्याकडे घेऊन गेली. ऑर्गन त्यांनी आमच्याकडे ठेवला, बजावून ठेवला. "टेंपोनं जाता येईल तिथं हाच न्यायचा. माणसं हात लावतात, विचारायला लाजायचं नाही." स्वारगेटला त्यांना आणि मुलीला गाडीत बसवून दिलं तेव्हा त्या गर्दीत मी चक्क भोकाड पसरलं. खिडकीतून तात्या म्हणाले, "रडायचं तर लयीत रड." गाडी हलली तरी ते हात हलवत होते.

आता ऑर्गनवर मिताली असते. तरुण, तयारीची, आणि तीही पायांनी वाजवते. गेल्या हिवाळ्यात सांगलीला प्रयोग लागला. नाट्यगृहच होतं. तात्या पहिल्या रांगेत, मुलीनं विणलेला स्वेटर घालून, पाच मिनिटं आधीपासून घड्याळ बघत बसलेले. आठला तिसरी घंटा दिली. त्यांच्यासमोर वाजवायचं म्हणून मिताली घाबरली होती. लय पळायला लागली. मी तिला आवरायचं कसं या विचारात होते, तेवढ्यात माझी नजर खाली गेली.

पहिल्या रांगेत, खुर्चीखाली, तात्यांचे पाय अनवाणी होते. टाच, बोटं, टाच. गुडघ्यावर शाल, हात शांत मांडीवर, आणि पाय आपले चाललेत.

मी माझा पाय त्यांच्या पायांच्या लयीवर टाकला. मितालीनं माझ्याकडे रागानं पाहिलं, मग ऐकलं, मग हळूहळू माझ्याबरोबर आली. लय जागेवर बसली. मला ड्रम्समागे बसून रडू येत होतं आणि हसूही येत होतं. पण पाय उशिरा येऊ दिला नाही.

प्रयोग संपल्यावर आम्ही खाली धावलो. तात्या उभे राहायला बघत होते आणि त्यांच्या चपला कुठं दिसेनात. एक खुर्चीखाली सापडली, दुसरी पार मंचाच्या कडेपर्यंत गेलेली. नचिकेत ओणवा होऊन ती काढत होता. मिताली मला म्हणाली, "ताई, तू आज कुणाचं ऐकत होतीस?" मी तात्यांच्या पायांकडे बोट दाखवलं.

तात्यांनीही खाली वाकून पाहिलं, नव्यानंच दिसल्यासारखं.

"छे!" ते म्हणाले. "काहीतरीच."